अन्ननलिकेतून हृदयाला पेसिंग: मागे पडलेली तपासणी आणि धडधडीच्या रुग्णांचा आजचा प्रश्न

काही महिन्यांपूर्वी एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय ३८. सहा वर्षांपासून त्यांना अधूनमधून अचानक धडधड सुरू व्हायची. वर्गात फळ्यावर लिहिताना, भांडी घासताना, एकदा तर झोपेत कूस बदलताना. "डॉक्टर, बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि बटण दाबल्यासारखीच थांबते," असे त्या सांगत. गावाहून तालुक्याला येईपर्यंत धडधड थांबलेली असे. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. मग निदान एकच व्हायचे: टेन्शन. हे निदान करणाऱ्यांमध्ये मीही होतो. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना झोपेची हलकी गोळी आणि "जास्त विचार करू नका" हा सल्ला दिला होता.

या वेळी त्यांच्या मनगटावर स्मार्ट वॉच होते. मोबाईलवर त्यांनी एक पट्टी दाखवली. ठोके मिनिटाला १८८, अगदी एकसारखे. टेन्शनने ठोके १८८ वर जात नाहीत आणि एका क्षणात ८० वर येत नाहीत. हृदयाच्या विद्युत यंत्रणेत दोष होता, आणि तो आम्हाला सहा वर्षे पकडता आला नव्हता.

सध्या हृदयाच्या ठोक्यांविषयी बातम्या खूप येतात. ईसीजी काढणारी घड्याळे, पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनचे नवे तंत्र, मोठ्या शहरांतल्या अत्याधुनिक ईपी लॅब. या गर्दीत एक जुनी तपासणी जवळजवळ विसरली गेली आहे. ती म्हणजे अन्ननलिकेतून हृदयाला पेसिंग करणे. ही तपासणी नेमका हाच प्रश्न सोडवण्यासाठी वापरली गेली: येऊन-जाऊन असणारी धडधड पकडायची कशी? ती काय होती, मागे का पडली, आज कुठे उपयोगी आहे आणि तिच्याकडून आपण काय शिकायचे, ते या लेखात पाहू.

आधी आजार समजून घेऊ

हृदयाला वरचे दोन आणि खालचे दोन कप्पे असतात. ठोक्याचा विद्युत संदेश वरच्या उजव्या कप्प्यात तयार होतो, मधल्या एव्ही नोड नावाच्या चौकीतून खाली येतो आणि खालचे कप्पे आकुंचन पावतात. वरून खाली जाण्याचा हा एकच रस्ता असावा, अशी निसर्गाची योजना आहे.

काही माणसांत जन्मतःच एक जादा वाट असते. कधी ती एव्ही नोडमध्ये किंवा त्याला लागून असते, कधी तिथून दूर, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या भिंतीत. एरवी ती त्रास देत नाही. पण एखादा अवेळी ठोका आला की संदेश एका वाटेने खाली जातो, दुसरीने वर येतो आणि गोल फिरत राहतो. मिनिटाला १५० ते २२० ठोके पडू लागतात. याला एसव्हीटी म्हणतात. जादा वाट एव्ही नोडपाशी असेल तर एव्हीएनआरटी आणि दूर असेल तर एव्हीआरटी. एव्हीएनआरटी स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. जादा वाट नेहमीच्या ईसीजीतही दिसत असेल आणि सोबत धडधडीचा त्रास असेल, तर त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू सिंड्रोम म्हणतात.

एसव्हीटी सहसा जीवघेणा नसतो. त्रास वेगळाच आहे. फेरा थांबला की ईसीजीवर बहुतेक वेळा काहीच खूण उरत नाही, आणि मग रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटीचे १०७ रुग्ण तपासले गेले. त्यातल्या ५५ टक्के लोकांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. योग्य निदान व्हायला मध्यमान ३.३ वर्षे लागली. निदान न झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना डॉक्टरांनी घबराट, चिंता किंवा ताण असे सांगितले होते, आणि यात स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. अभ्यास जुना आणि परदेशातला आहे, पण माझ्या शिक्षिका रुग्णाची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

अन्ननलिकाच का?

अन्ननलिका छातीतून खाली पोटाकडे जाताना हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला मागून जवळजवळ चिकटून जाते. दोघांमध्ये अंतर काही मिलिमीटरचेच असते. तोंडातून प्रोब घालून केली जाणारी टीईई ही इको तपासणी याच शेजाराचा फायदा घेते.

म्हणजे अन्ननलिकेत एक बारीक तार योग्य जागी ठेवली, तर शिर न टोचता हृदयाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पोहोचता येते. मग दोन गोष्टी करता येतात.

पहिली गोष्ट, ऐकणे. नेहमीच्या ईसीजीत वरच्या कप्प्यांची लाट, म्हणजे पी वेव्ह, लहान असते. ठोके फार जलद झाले की ती मोठ्या लाटांच्या आड लपते. निदान मात्र तिच्याच जागेवर अवलंबून असते. अन्ननलिकेतल्या तारेवर ही लाट मोठी आणि स्वच्छ दिसते.

दुसरी गोष्ट, बोलणे. त्याच तारेतून छोटे विद्युत झटके देऊन वरच्या कप्प्याला आपल्याला हव्या त्या वेगाने चालवता येते. हेच पेसिंग. त्यातून धडधड मुद्दाम सुरू करून पाहता येते आणि थांबवताही येते. फिरत्या फेऱ्यात नेमक्या क्षणी एक जादा ठोका घुसवला की पुढची वाट अडते आणि फेरा तुटतो. लहान मुले हात धरून गोल फिरत असताना मध्येच कुणी शिरले की खेळ मोडतो, तसेच.

ही तपासणी करतात कशी?

रुग्ण उपाशीपोटी असतो. नाकात सुन्न करणारी जेली लावून बारीक तार घशातून खाली सरकवतात. गिळता येईल अशा कॅप्सूलला जोडलेली तारही वापरली गेली आहे. प्रौढ माणसात नाकपुडीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर वरच्या कप्प्याची लाट सर्वांत मोठी दिसते. तार तिथे स्थिर करतात.

हृदयाच्या आत ठेवलेल्या पेसमेकरच्या तारेला फार थोडी वीज लागते. अन्ननलिकेतून मात्र भिंत ओलांडून वीज पोहोचवायची असते. त्यामुळे झटका जास्त वेळाचा, साधारण १० मिलिसेकंदांचा, आणि बहुधा १० ते २० मिलिअ‍ॅम्पिअरचा द्यावा लागतो. नेहमीच्या तात्पुरत्या पेसमेकरच्या पेटीतून इतका लांब झटका मिळत नाही, म्हणून वेगळे यंत्र लागते. झटका सुरू असताना छातीत जळजळ किंवा टोचल्यासारखे वाटते. बहुतेकांना ते सहन होते, काहींना होत नाही. मोठी इजा होणे दुर्मीळ आहे. पण अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील, ती अरुंद झाली असेल किंवा तिच्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर ही तपासणी करत नाहीत. करतानाही शॉक देण्याचे यंत्र शेजारी तयार ठेवावेच लागते.

ती पुढे आली कशी, मागे पडली कशी?

१९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बरॅक आणि सेमूर फर्मन यांनी अन्ननलिकेतून हृदयाला पेसिंग करण्याविषयी लिहिले. १९८२ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जॉन गॅलाघर आणि सहकाऱ्यांचा लेख 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आला आणि निदान व उपचार अशा दोन्हींसाठी या पद्धतीचा पाया पक्का झाला. त्यातून आलेला एक साधा नियम आजही शिकवला जातो. धडधड सुरू असताना खालच्या कप्प्यांच्या लाटेपासून अन्ननलिकेतल्या तारेवरच्या लाटेपर्यंतचे अंतर ७० मिलिसेकंद किंवा कमी असेल, तर दूरच्या जादा वाटेची शक्यता जवळपास संपते आणि एव्हीएनआरटीकडे बोट जाते. अंतर जास्त असेल तर दूरच्या जादा वाटेचा विचार करायचा. ज्या काळात हृदयाच्या आत कॅथेटर घालणे ही मोठी गोष्ट होती, त्या काळात एका तारेवर एवढे कळणे महत्त्वाचे होते.

मग दोन बदल झाले. १९८९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडिनोसिन या औषधाला मंजुरी मिळाली. शिरेतून झटकन दिले की ते एव्ही नोडला काही सेकंद अडवते आणि एसव्हीटी बहुतेक वेळा जागच्या जागी थांबतो. दुसरीकडे, १९८७ पासून रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन माणसांत वापरले जाऊ लागले आणि १९९१ पर्यंत त्याचे उत्तम निष्कर्ष हाती आले. मांडीच्या शिरेतून कॅथेटर नेऊन जादा वाटच उष्णतेने बंद करायची. एव्हीएनआरटीमध्ये हा उपचार ९५ टक्क्यांहून अधिक वेळा यशस्वी होतो. एव्ही नोडला इजा होऊन कायमचा पेसमेकर लागण्याची वेळ १०० रुग्णांत एकावरही येत नाही.

औषधाने फेरा थांबतो आणि कॅथेटरने आजार मुळातून जातो, तर नाकातून तार का घालायची? प्रश्न रास्त होता. ईपी लॅबमध्ये एकाच बैठकीत निदान आणि उपचार होऊ लागले आणि ही तपासणी बहुतेक ठिकाणी बाजूला पडली. रशिया, युक्रेनसारख्या देशांत मात्र ती पुढेही नेहमीच्या वापरात राहिली.

आजही तिची गरज कुठे आहे?

*तान्ही बाळे.* नवजात बाळाच्या शिरा आणि हृदय इतके लहान असते की कॅथेटर घालणे जोखमीचे. काही नवजात बाळांना एट्रियल फ्लटर होतो. यात वरचे कप्पे मिनिटाला ३०० पेक्षाही वेगाने फडफडतात. अ‍ॅडिनोसिनने फ्लटर थांबत नाही, फक्त उघडा पडतो. अन्ननलिकेतून त्याहून थोड्या जास्त वेगाने पेसिंग केले तर शॉक न देता ताल पूर्ववत होऊ शकतो.

*डब्ल्यूपीडब्ल्यूचा ईसीजी असलेली पण त्रास नसलेली मुले.* शाळेच्या किंवा खेळाच्या तपासणीत असा ईसीजी सापडला की आईवडील हादरतात. यातल्या बहुतेक मुलांना कधीच काही होत नाही. पण जादा वाट फार वेगवान असेल आणि एट्रियल फिब्रिलेशन सुरू झाले, तर जीवाला धोका होऊ शकतो. मुलांच्या हृदयतालाच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात, व्यायामाच्या चाचणीतून खात्री होत नसेल तर अन्ननलिकेतून किंवा हृदयाच्या आतून तपासणी करून वाटेचा वेग मोजावा, असे सांगितले आहे. फिब्रिलेशनमध्ये त्या वाटेने आलेल्या दोन ठोक्यांतले कमीत कमी अंतर २५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असेल, तर धोका जास्त मानतात.

*हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची मुले आणि फ्लटर असलेले काही प्रौढ.* इथेही पेसिंगने फ्लटर मोडता येतो. मात्र फ्लटर ४८ तासांहून अधिक काळ असेल किंवा कधीपासून आहे हे ठाऊक नसेल, तर आधी रक्त पातळ करण्याचा विचार करावा लागतो. ताल कोणत्याही मार्गाने पूर्ववत केला तरी गुठळीचा धोका तोच असतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सुरू झालेले एट्रियल फिब्रिलेशन या पेसिंगने थांबत नाही. खालचे कप्पे अन्ननलिकेतून भरवशाने चालवता येत नाहीत. त्यामुळे एव्ही नोड पूर्ण बंद पडून ठोके मंदावले असतील, तर या पद्धतीवर विसंबता येत नाही.

शेजार फायद्याचा, तसाच धोक्याचाही

आता बातम्यांमधल्या पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनकडे येऊ. एट्रियल फिब्रिलेशनच्या अ‍ॅब्लेशनमध्ये डाव्या वरच्या कप्प्याच्या मागच्या भागात काम करावे लागते, आणि लगेच मागे अन्ननलिका असते. उष्णता तिथपर्यंत पोहोचली तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दोघांमध्ये छिद्र पडू शकते. हे फार दुर्मीळ आहे, पण झाले तर बहुधा प्राणघातक. नव्या तंत्रात उष्णतेऐवजी अतिसूक्ष्म काळाचे विद्युत स्पंद वापरतात. हृदयाच्या पेशी त्यांना लवकर बळी पडतात आणि अन्ननलिका बरीच वाचते. अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून या उपकरणांना मंजुरी मिळू लागली. आता भारतातल्या मोठ्या शहरांमधल्या काही रुग्णालयांतही ही सोय आली आहे.

प्रगती खरी आहे. पण बातमी वाचून अनेक रुग्ण विचारतात, "माझी धडधड यानेच बरी होईल ना?" त्यांना सांगायला हवे की हे तंत्र मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशनसाठी आहे. एसव्हीटीसाठी जुने, स्वस्त अ‍ॅब्लेशन उत्तम काम करते. आणि कोणत्याही अ‍ॅब्लेशनआधी, आपल्याला नेमके काय झाले आहे हे कळावे लागते.

खरी उणीव कुठे आहे?

माझ्या मते उणीव साखळीच्या पहिल्या कडीत आहे. ईपी लॅब पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत आहेत. आयुष्मान भारतच्या उपचारयादीत ईपी स्टडी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन आहेत. महात्मा जोतिराव फुले योजनेत आपल्याला काय मिळू शकते, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येते. पण तिथवर जायला हातात पुरावा लागतो, आणि तो धडधड सुरू असतानाच्या पाच-दहा मिनिटांत, गावात किंवा तालुक्यातच मिळू शकतो.

मग अन्ननलिकेचे पेसिंग जिल्हा रुग्णालयांत परत आणावे का? मला तसे वाटत नाही. वेगळे यंत्र, शिकलेले हात आणि नेहमीचा सराव लागतो. लहान मुलांचा हृदयविभाग असलेल्या मोठ्या संस्थांनी मात्र ते कौशल्य जपायला हवे. उरलेल्यांनी त्यामागचा विचार घ्यावा: नॉर्मल ईसीजीवर समाधान मानू नका, धडधड सुरू असतानाची नोंद मिळवा. त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

* धडधड सुरू असलेला रुग्ण आला, तर त्याला केसपेपरच्या रांगेत बसवू नये. आधी १२ लीडचा ईसीजी काढावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे शक्य आहे.
* अ‍ॅडिनोसिन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवावी. फेरा तुटतो त्या क्षणाच्या नोंदीतून बरेच निदान होते. आपल्याकडे पुष्कळदा इंजेक्शन दिले जाते, रुग्ण बरा होतो आणि पट्टी काढायची राहून जाते.
* त्या ईसीजीची प्रत रुग्णाला द्यावी. रुग्णाने तिचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवावा. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात पुसट होतात.
* तरुण रुग्णाचे ठोके फार जलद आणि अनियमित असतील आणि ईसीजीतल्या लाटा रुंद असतील, तर जादा वाटेची शंका घ्यावी. अशा वेळी व्हेरापामिल, डिगॉक्सिन आणि अ‍ॅडिनोसिनही धोक्याचे ठरू शकते.

धडधड सुरू झाली तर तुम्ही काय कराल?

तुमच्या डॉक्टरांनी एसव्हीटीचे निदान केले असेल, तर सुधारित वल्साल्वा ही कृती त्यांच्याकडून शिकून घ्या. पलंगावर अर्धवट टेकून बसा. १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजमध्ये तोंडाने असे फुंका की दट्ट्या जेमतेम हलेल. १५ सेकंद जोर धरून ठेवा. लगेच दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला आडवे झोपवून दोन्ही पाय १५ सेकंद वर उचलून धरावेत. मग पुन्हा टेकून बसा. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधील अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला. पाय न उचलता केलेल्या नेहमीच्या पद्धतीने हे प्रमाण १७ टक्के होते. खर्च शून्य.

मानेची शीर चोळण्याचा उपाय मात्र घरी करू नका, विशेषतः वयस्कर व्यक्तीवर.

तातडीने १०८ ला फोन कधी करावा? धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर वाट पाहू नका. व्यायाम करताना शुद्ध हरपणे किंवा घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, या गोष्टीही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*स्मार्ट वॉच घ्यावे का?* सर्वांनी घेण्याची गरज नाही. वारंवार धडधड होते पण ईसीजीत सापडत नाही, अशांना उपयोग होऊ शकतो. ठोके मोजणारे आणि ईसीजीची पट्टी काढणारे घड्याळ वेगवेगळे असते, हे विकत घेताना पाहा. ही पट्टी एकाच लीडची असते. वेग आणि नियमितपणा कळतो, पण पी वेव्हची जागा बहुधा नीट कळत नाही. घड्याळ नसेल तरी नाडी मोजा, एकसारखी आहे की अडखळते ते पाहा आणि लिहून ठेवा.

*होल्टर नॉर्मल आला, म्हणजे आजार नाही ना?* होल्टर बहुधा २४ तासांचा असतो. महिन्यातून एकदा होणारी धडधड त्यात सापडेलच असे नाही. नॉर्मल होल्टरचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी धडधड झाली नाही.

*चिंतेमुळे धडधड होतच नाही का?* होते. पण ती हळूहळू वाढते आणि हळूहळू उतरते. बटण दाबल्यासारखी सुरू होणारी आणि थांबणारी धडधड वेगळी. दोन्ही एकाच व्यक्तीला असू शकतात.

माझ्या शिक्षिका रुग्णाला मी एक चिठ्ठी लिहून दिली होती: "धडधड सुरू असल्यास कृपया तत्काळ १२ लीड ईसीजी काढावा." पाच आठवड्यांनी शाळेतून त्या थेट जवळच्या आरोग्य केंद्रात गेल्या. तिथल्या नर्सताईंनी चिठ्ठी वाचून लगेच ईसीजी काढला. तो कागद घेऊन त्या पुण्याला गेल्या. ईपी स्टडीत एव्हीएनआरटी निघाला आणि त्याच वेळी अ‍ॅब्लेशन झाले. तिसऱ्या दिवशी घरी. परत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, बरी झाले ते झालेच. पण मी खोटं सांगत नव्हते, हे त्या कागदावर आलं ना, त्याचं जास्त बरं वाटलं."

तशी चिठ्ठी आता मी धडधडीच्या प्रत्येक रुग्णाला देतो. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा कोणतीही तपासणी करून घेणे, हा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*